हेकमध्ये हिरवं, घोड्याच्या पेशीत अंधार: मूलपेशींत जनुक पोचत नाही तेव्हा काय तपासायचं

प्राण्यांच्या उपचारासाठी मूलपेशींत विषाणूशिवाय जनुक घालणाऱ्यांची तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. प्लाझ्मिड (हिरवं चमकणाऱ्या जीएफपी प्रथिनाचं जनुक असलेलं डीएनएचं वर्तुळ) तेच, रिएजंट (ते पेशीत नेणारं रसायन) तेच, हातही तोच. हेक-२९३ या प्रयोगशाळेत सर्रास वापरल्या जाणाऱ्या माणसाच्या पेशींवर घातलं की दुसऱ्या दिवशी फ्लुरोसन्स सूक्ष्मदर्शकाखाली पोपटी रान उगवलेलं दिसतं. तेच मिश्रण घोड्याच्या किंवा कुत्र्याच्या चरबीतून काढलेल्या मूलपेशींवर घातलं की शंभरात दोन-चार पेशी हिरव्या आणि बाकी अंधार. नाहीतर सकाळी निम्म्या पेशी तळ सोडून तरंगत असतात. मग डोस वाढवला जातो. त्यानं तरंगणाऱ्या वाढतात, हिरव्या होत्या तेवढ्याच राहतात. मध्येच एखाद्या महिन्यात छान जमून जातं, फोटो काढून गाइडला पाठवला जातो, आणि पुढच्या खेपेला पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

या सगळ्यात कामाचा धागा एकच आहे, तो म्हणजे ‘मध्येच जमतं’. रिएजंटच चुकीचं असतं तर ते कधीच जमलं नसतं. तेव्हा जमलेल्या आणि न जमलेल्या दिवसात काहीतरी बदललेलं असतं आणि ते वहीत लिहिलेलं नसतं. नवं महागडं रिएजंट मागवण्याआधी हे बदललेलं शोधा, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो. ते ऐकत नाहीत. मीही त्यांच्या वयात ऐकलं नव्हतं.

आमचं काय झालं ते आधी सांगतो, कारण पशुवैद्यकातल्या प्रयोगशाळांना हा खड्डा हमखास लागतो आणि माणसांच्या पेशींसाठी लिहिलेल्या माहितीपत्रकात तो कुणी दाखवत नाही.

आमच्या वहीतले दोन शब्द

घोड्याच्या शेपटीच्या मुळाजवळच्या चरबीतून काढलेल्या पेशी होत्या. कधी वीस-पंचवीस टक्के हिरव्या मिळायच्या, कधी जवळजवळ शून्य. पीईआय (आमचं रिएजंट) बदलून पाहिलं, प्लाझ्मिड नव्यानं काढलं, शेवटी एकमेकांच्या हाताला दोष दिला. चार महिने गेले. शेवटी एका मुलीनं वहीतल्या सगळ्या प्रयोगांच्या तारखा आणि मीडियम (पेशी वाढवायचं द्रव) बनवल्याच्या तारखा शेजारी शेजारी लिहिल्या. जमलेले सगळे प्रयोग अशा पेशींवरचे होते ज्या गोठवलेल्या व्हायलमधून काढून वासराच्या सीरममध्ये वाढवल्या होत्या. फसलेले सगळे त्यानंतरचे, पेशी प्लेटलेट लायसेटवर आणल्यानंतरचे. वहीत मात्र दोन्हीकडे एकच लिहिलेलं होतं: ‘पूर्ण मीडियम’.

प्लेटलेट लायसेटकडे आम्ही हौसेनं गेलो नव्हतो. वासराच्या सीरममध्ये वाढवलेल्या पेशी सांध्यात टोचल्या की घोड्याचं शरीर त्या पेशींना चिकटून आलेल्या गाईच्या प्रथिनांविरुद्ध प्रतिक्रिया देतं. सांधा सुजतो, घोडा लंगडतो, मालक फोन करतो. म्हणून घोड्याच्याच रक्तातल्या प्लेटलेट फोडून केलेलं लायसेट वापरायचं. पण त्यात फायब्रिनोजेन हे रक्त गोठवणारं प्रथिन असतं, आणि मीडियममधल्या कॅल्शियमशी गाठ पडली की फ्लास्कमध्ये दह्यासारखी कवडी बसते. ती बसू नये म्हणून लायसेटच्या मीडियममध्ये हेपरिन हे रक्त गोठू न देणारं औषध घालतात, साधारण मिलिलिटरला २ युनिट.

आता विषाणूशिवाय जनुक पोचवायच्या रासायनिक पद्धती आठवा. डीएनएवर ऋण भार असतो, पेशीच्या पृष्ठभागावरही ऋण. म्हणून डीएनएला धन भाराच्या पदार्थात गुंडाळतात, तो पीईआय असेल किंवा धनभारित लिपिड. ही पुरचुंडी पेशीला चिकटते आणि आत ओढली जाते. हेपरिन हा शरीरातल्या सर्वांत जास्त ऋणभारित रेणूंपैकी एक आहे. तो पुरचुंडीला भेटला की पीईआय स्वतःकडे ओढतो आणि डीएनए बाहेर टाकतो. पुरचुंडी किती घट्ट बांधली आहे ते मोजायच्या चाचणीत डीएनए सोडवण्यासाठी मुद्दाम हेपरिनच घालतात. आम्ही त्या चाचणीचं उत्तर चार महिने वेलमध्ये (प्लेटमधल्या पेशी वाढवायच्या खळग्यांत) ओतत होतो.

शहानिशा सोपी आहे. पुरचुंडी तयार करा. एका भागात साधं सीरमविरहित मीडियम मिसळा, दुसऱ्यात तुमचं रोजचं ‘पूर्ण’ मीडियम. दहा-पंधरा मिनिटांनी दोन्ही अ‍ॅगारोज जेलवर चालवा आणि शेजारी नुसतं प्लाझ्मिड लावा. बांधलेला डीएनए खाचेतच अडकून राहतो. सुटलेला खाली धावतो. रोजच्या मीडियमच्या रांगेत डीएनए खाली धावलेला दिसला तर पेशींचा काहीच दोष नाही, जनुक त्यांच्या दारापर्यंत पोचतच नव्हतं.

उपाय: ट्रान्सफेक्शनच्या, म्हणजे पुरचुंडी पेशींवर घालण्याच्या, आधी पेशी कोमट पीबीएसनं (खारट बफरनं) दोनदा धुवा. एकदा धुणं पुरत नाही, वेलच्या कडेला मीडियम राहतंच. मग हेपरिन आणि सीरम दोन्ही नसलेल्या मीडियममध्ये पुरचुंडी घाला, चार ते सहा तासांनी काढा आणि तुमचं नेहमीचं मीडियम परत द्या. अस्थिमज्जेच्या पेशी असतील तर मज्जा ओढताना सिरिंजमध्ये हेपरिन असतंच. पहिल्या पॅसेजपर्यंत (पेशी सोडवून नव्या फ्लास्कमध्ये पेरायची एकेक खेप म्हणजे पॅसेज) ते धुऊन गेलेलं असतं, पण ताज्या नमुन्यावर घाई केली तर तेही भोवतं. आणखी एक गंमत म्हणजे हेपरिन पीसीआरही अडवतं. म्हणजे ‘पेशीत प्लाझ्मिड पोचलं का’ हे पीसीआरनं बघायला गेलात तरी उत्तर नकारार्थी येऊ शकतं, आणि मग दोन खोट्या पुराव्यांवर एक पक्का गैरसमज उभा राहतो.

आमच्या फ्रिजमधल्या लायसेटच्या बाटल्यांवर आता लाल स्केचपेननं हेपरिन आहे की नाही ते लिहिलेलं असतं. ‘पूर्ण मीडियम’ हे शब्द वहीत लिहायला बंदी आहे.

हेपरिन नसेल तर

मग जनुकाच्या वाटेवर एकेक नाका तपासत जावं लागतं: प्लाझ्मिड, पुरचुंडी, पेशीचं दार, आतली पिशवी (जिच्यात पुरचुंडी ओढली जाते), केंद्रक, आणि शेवटी जनुक बोलतं की नाही. कुठल्या नाक्यावर गाडी अडली ते कळण्यासाठी प्रत्येक खेपेला काही वेल वाया गेल्या तरी चालतील, पण कंट्रोल हवेतच. काहीही न घातलेल्या पेशी, नुसतं रिएजंट घातलेल्या, नुसतं प्लाझ्मिड घातलेल्या, आणि त्याच दिवशी त्याच नळीतलं मिश्रण घातलेल्या हेक पेशी. शेवटचा कंट्रोल लोक ‘मागच्या महिन्यात जमलं होतं’ म्हणून गाळतात. मागच्या महिन्याचा उपयोग नाही.

हेकही अंधारात राहिल्या तर दोष प्लाझ्मिडचा किंवा पुरचुंडीचा. हेक हिरव्या आणि घोड्याच्या पेशी जिवंत पण काळ्या, तर पेशीच्या आतली अडचण. नुसत्या रिएजंटनंच पेशी मेल्या तर डोस. नुसत्या रिएजंटमध्ये ठणठणीत आणि प्लाझ्मिडसकट मेल्या तर संशय प्लाझ्मिडच्या शुद्धतेवर.

डोस वेलप्रमाणे नको, पेशीप्रमाणे

मूलपेशी मेल्या की बहुतेक वेळा कारण हेच असतं. माहितीपत्रकावर २४ वेलच्या प्लेटसाठी डीएनए आणि रिएजंटचं प्रमाण छापलेलं असतं, आणि ते हेक किंवा तसल्याच दाटीवाटीनं वाढणाऱ्या पेशी डोळ्यांसमोर ठेवून. अशा पेशींनी भरलेल्या वेलमध्ये दोन लाखांच्या आसपास पेशी मावतात. आपल्या मूलपेशी मोठ्या, पसरट आणि पाय पसरून बसणाऱ्या. सत्तर टक्के भरलेल्या वेलमध्ये त्या तीस-चाळीस हजारच असतात. वेलमागे तेवढाच डोस घातला की प्रत्येक पेशीच्या वाट्याला पाचपट किंवा त्याहून जास्त विष येतं. म्हणून आधी एक वेल ट्रिप्सिननं सोडवा, खरोखर मोजा, आणि डोस त्यावरून ठरवा. माहितीपत्रकातल्या प्रमाणाच्या पाव भागापासून सुरुवात करून वर जा.

पीईआय वापरत असाल तर आणखी एक हिशेब कागदावर करा, कारण ‘एकास तीन’ म्हणजे नक्की काय हे बऱ्याच जणांना सांगता येत नाही. १ मायक्रोग्रॅम डीएनएमध्ये सुमारे ३ नॅनोमोल फॉस्फेट असतात. पीईआयच्या एका घटकाचं वजन ४३, म्हणजे १ मायक्रोग्रॅममध्ये सुमारे २३ नॅनोमोल नायट्रोजन. वजनानं एकास एक घातलं की नायट्रोजन-फॉस्फेट गुणोत्तर झालं साधारण ८. एकास तीन घातलं की २३. हेक पेशी २३ सोसतात, कुत्र्याच्या पेशी कुरकुरतात. ६, ८, १०, १५ असे टप्पे लावून बघा. गुणोत्तर १० हवं असेल तर १ मायक्रोग्रॅम डीएनएला सुमारे १.३ मायक्रोग्रॅम पीईआय. आणि रेणूभार नक्की बघा: २५ हजार डाल्टनचं फांद्या असलेलं पीईआय आणि सरळ साखळीचं पीईआय हे नावाचेच भाऊ आहेत, पेशींना पहिलं जास्त जड जातं.

पुरचुंडी बांधताना दोन्ही द्रावणं खोलीच्या तापमानावर असू द्या. एक दुसऱ्यात घालून लगेच हलवा आणि मग पंधरा-वीस मिनिटं हात लावू नका. चहाला जाऊन पाऊण तासानं आलात तर कण एकमेकांना चिकटून मोठे होतात आणि पेशींवर चिखल टाकल्यासारखे बसतात. सूक्ष्मदर्शकाखाली काळे ठिपके दिसत असतील तर तेच ते.

ट्रान्सफेक्शनच्या तासांत मीडियममध्ये पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन नको. एरवी बाहेर राहणारी औषधं त्या वेळी पेशीच्या आत शिरतात.

प्लाझ्मिड शुद्ध दिसतं, असतंच असं नाही

२६०/२८० गुणोत्तर (दोन तरंगलांबींवरच्या प्रकाशशोषणाचं) १.८ आलं की आपण खूश होतो. ते प्रथिनांबद्दल सांगतं, एन्डोटॉक्सिनबद्दल काही सांगत नाही. प्लाझ्मिड आपण ई. कोलायमध्ये वाढवतो, आणि त्या जिवाणूच्या भिंतीतलं एन्डोटॉक्सिन साध्या मिनिप्रेपमध्ये (प्लाझ्मिड काढायच्या छोट्या पद्धतीत) डीएनएसोबत येतं. मूलपेशींवर ते ओळखणारा टीएलआर-४ हा रिसेप्टर असतो. हेक पेशींना त्याचं सोयरसुतक नाही, म्हणून हेकमध्ये सगळं आलबेल दिसतं. मूलपेशी मात्र दाहाची प्रथिनं सोडू लागतात, वाढ मंदावते, काही मरतात. तुम्ही त्यांच्यात दाह कमी करणारं इंटरल्युकिन-१० घालत असाल तर हा विनोद आणखी गडद होतो. एन्डोटॉक्सिन काढणारं किट महाग आहे, पण इथे काटकसर करू नका. काटकसर पिपेटच्या टिपांत करा.

शुद्ध प्लाझ्मिडचीही पेशीला जाणीव होते. पेशीद्रवात डीएनए दिसला की सीजीएएस नावाचं प्रथिन तो हुंगतं आणि स्टिंगमार्फत इंटरफेरॉनची घंटा वाजवतं. पेशीच्या दृष्टीनं पेशीद्रवातला डीएनए म्हणजे घरात शिरलेला विषाणूच. म्हणून डीएनए दुप्पट केल्यानं हिरवं दुप्पट होत नाही. एका मर्यादेनंतर घंटाच मोठ्यानं वाजते.

केंद्रकाचं दार

पेशी जिवंत, हेक हिरव्या, हेपरिन नाही, डोस बरोबर, तरीही अंधार? मग पॅसेज क्रमांक विचारा. आमच्याकडे हा प्रश्न विचारला की खोलीत शांतता पसरते.

४७०० बेस जोड्यांचं नेहमीचं जीएफपी प्लाझ्मिड सुमारे ३० लाख डाल्टनचं असतं. केंद्रकाच्या छिद्रांतून आपोआप जाऊ शकणाऱ्या रेणूंची मर्यादा साधारण ४० हजार डाल्टन. म्हणजे प्लाझ्मिडला केंद्रकात जायची खरी संधी मिळते ती पेशी विभागताना, केंद्रकाचं आवरण विरघळतं तेव्हा. हेक पेशी दिवसाला एकदा विभागतात, त्यांचं दार रोज उघडतं. सातव्या-आठव्या पॅसेजच्या कुत्र्याच्या मूलपेशी चार-चार दिवस विभागत नाहीत. प्लाझ्मिड बाहेर ओट्यावर बसून राहतं आणि हळूहळू चिरफाळतं.

म्हणून दुसऱ्या ते चौथ्या पॅसेजच्या पेशी वापरा. आदल्या दिवशी पेरा, सकाळी पन्नास-साठ टक्के भरलेल्या हव्यात. पूर्ण भरलेल्या वेलमध्ये पेशी एकमेकींना टेकल्या की विभागणं थांबवतात. रात्री उशिरा ट्रिप्सिन जास्त वेळ ठेवून सोडवलेल्या पेशी सकाळी पुरत्या पसरलेल्याही नसतात, त्यांच्यावर प्रयोग करू नका. कुत्र्याच्या पेशी तळाला घट्ट धरतात, त्यामुळे ट्रिप्सिनची वेळ लांबवायचा मोह होतो. फ्लास्क इनक्युबेटरमध्ये ठेवा, दर मिनिटाला बघा, थापटा.

प्राण्याच्या वयाचीही नोंद ठेवा. ओव्हरीएक्टमीच्या (अंडाशय काढायच्या शस्त्रक्रियेच्या) वेळी तरुण कुत्रीच्या ओव्हरीभोवतीची चरबी मिळते, ती एरवी बादलीत जाते. मालकाची लेखी संमती घेऊन ती घेतली तर पेशी तडफदार मिळतात. गुडघ्याच्या दुखण्यानं आलेल्या अकरा वर्षांच्या लॅब्राडोरच्या चरबीतल्या पेशी तिसऱ्या पॅसेजलाच म्हाताऱ्या असू शकतात. दुर्दैव असं की उपचार त्या लॅब्राडोरलाच हवा असतो.

हे दार कायमचं टाळायचं असेल तर एमआरएनए (जनुकाचा निरोप नेणारा रेणू) वापरा. त्याला केंद्रकात जावंच लागत नाही, पेशीद्रवातच प्रथिन बनायला लागतं आणि काही तासांत हिरवं दिसतं. बदललेल्या न्यूक्लिओसाइडचा एमआरएनए पेशीला कमी खुपतो, हे दाखवल्याबद्दल काटालिन कारिको आणि ड्रू वाइसमन यांना २०२३ चं नोबेल मिळालं. न विभागणाऱ्या, थकलेल्या पेशींसाठी माझी पहिली पसंती हीच. किंमत अशी की परिणाम काही दिवसांतच ओसरतो, आणि आरएनएज नावाच्या, आरएनए तोडणाऱ्या एन्झाइमशी रोजचं भांडण मागे लागतं.

हिरवं दिसलं म्हणजे जमलं?

म्हाताऱ्या मूलपेशींत लिपोफ्युसिन साचतं आणि ते आपोआप चमकतं, हिरव्या फिल्टरमध्येही. मेलेल्या पेशीही चमकतात. काहीही न घातलेल्या वेलचा फोटो त्याच एक्स्पोजरवर काढला नसेल तर तुमचे बारा टक्के त्यातलेच असू शकतात. फ्लो सायटोमीटरवर (एकेक पेशी मोजणाऱ्या यंत्रावर) मेलेल्या पेशी वेगळ्या काढणारा रंग घाला आणि मगच गेट (कुठल्या पेशी मोजायच्या त्याची हद्द) लावा. आम्ही एकदा अठरा टक्क्यांचा निकाल असा सहावर आणला होता. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

याउलट चूकही होते. हिरवं भरपूर, पण उपचाराचं खरं प्रथिन एलायझात (प्रतिपिंडांनी प्रथिन मोजायच्या चाचणीत) शून्य. माणसाच्या इंटरल्युकिनसाठी बनवलेली प्रतिपिंडं घोड्याचं इंटरल्युकिन ओळखतीलच असं नाही. घोड्याला घोड्याचंच जनुक द्यायचं, आणि मोजायला घोड्यासाठी तपासलेलं किट घ्यायचं. तसं किट मिळत नसेल तर प्रथिनाच्या शेपटीला एक छोटा टॅग लावा आणि तो टॅग मोजा. मूलपेशींच्या ओळखीच्या खुणांचंही तेच. माणसासाठीच्या सीडी-७३ आणि सीडी-१०५ च्या प्रतिपिंडांनी कुत्र्याच्या पेशी उजळल्या नाहीत म्हणून त्या मूलपेशी नाहीत असं होत नाही.

मायकोप्लाझ्मा

पेशींत मायकोप्लाझ्मा हा बारीक जिवाणू शिरलाय का, हा प्रश्न विचारला की लोकांना राग येतो, तरीही विचारतो. मायकोप्लाझ्माला भिंतच नसते, त्यामुळे पेनिसिलिनचा उपयोग शून्य. तो ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून निसटतो आणि मीडियम गढूळही करत नाही. पेशी जिवंत दिसतात, फक्त सुस्त, आणि त्याचे न्यूक्लिएज (डीएनए तोडणारे एन्झाइम) तुमचं प्लाझ्मिड गिळतात. महिन्यातून एकदा पीसीआर करा. घरी आलेल्या प्रत्येक नव्या पेशीवर करा, देणारा कितीही जवळचा मित्र असो. सापडला तर औषध देऊन वाचवण्यापेक्षा ती बॅच ऑटोक्लेव्हमध्ये घाला. अपवाद फक्त ज्या जनावराची चरबी पुन्हा मिळणार नाही त्याचा.

विजेचा झटका देणाऱ्यांसाठी

इलेक्ट्रोपोरेशन किंवा न्यूक्लिओफेक्शनमध्ये (विजेच्या झटक्यानं पेशीचं आवरण उघडून जनुक घालायच्या पद्धतींत) टक्केवारी चांगली येते, म्हणून सगळ्यांना ते हवं असतं. पण टक्केवारी कशाची ते बघा. समजा साठ टक्के हिरव्या, पण जगल्या चाळीसच टक्के. सुरुवातीच्या शंभर पेशींतून हाती चोवीस. लिपिडनं पंचवीस टक्के हिरव्या आणि पंच्याऐंशी टक्के जगल्या तर हाती एकवीस, आणि त्या बऱ्याच कमी जखमी. प्राण्याला टोचायच्या पेशी कोटींत लागतात, तिथे हा फरक खिशाला जाणवतो.

कुव्हेटमध्ये (झटका द्यायच्या छोट्या डबीत) चटका उडून आवाज येत असेल तर मीठ किंवा बुडबुडा. प्लाझ्मिड पाण्यात विरघळवलेलं आणि घट्ट असू द्या, एकूण आकारमानाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त घालू नका. पेशी झटक्याच्या द्रावणात पंधरा मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका. म्हणजे आठ नमुने असतील तर आठही एकदम त्यात सोडायचे नाहीत. झटका दिल्यावर लगेच कोमट मीडियम, आणि ते सावकाश. त्या क्षणी पेशीचं आवरण उघडं असतं, जोरात पिपेट केलं की संपलं.

आठवड्यात हिरवं गायब

हे बिघाडात धरू नका. प्लाझ्मिड स्वतःच्या प्रती काढत नाही. पेशी विभागली की ते वाटलं जातं: तीन विभागण्यांनंतर आठवा हिस्सा, पाचनंतर बत्तिसावा. त्यातच सायटोमेगालोव्हायरसचा नेहमीचा प्रोमोटर (जनुक चालू करणारा तुकडा) मूलपेशींत बऱ्याचदा मेथिलेशननं (डीएनएवर रासायनिक खूण बसून) गप्प बसवला जातो, मग प्लाझ्मिड असूनही बोलत नाही. दोन्ही वेगळे कसे ओळखायचे? पीसीआरनं प्लाझ्मिड मोजा. प्रत्येक पेशीमागे ते आहे पण हिरवं नाही, तर प्रोमोटर बदला. ईएफ-१ अल्फा किंवा सीएजी हे प्रोमोटर जास्त काळ बोलतात.

जी-४१८ (जनुक न मिळालेल्या पेशी मारणारं औषध) लावून कायमच्या पेशी निवडायच्या म्हटलं तर दोन आठवडे जातात, आणि वाचलेल्या मूठभर पेशी पुन्हा वाढवता वाढवता म्हाताऱ्या होतात. कायमचं हवंच असेल तर ट्रान्सपोझॉन (जीनोममध्ये जागा बदलणारा डीएनएचा तुकडा) बरा. स्लीपिंग ब्यूटी १९९७ मध्ये माशांच्या जीनोममधल्या मेलेल्या तुकड्यांतून जिवंत केला गेला, पिगीबॅक कोबीवरच्या अळीच्या पतंगातून आला. दोन्ही जनुक गुणसूत्रात नेऊन बसवतात, विषाणूशिवाय. पण गुणसूत्रात कुठेतरी बसलेलं जनुक म्हणजे सुरक्षिततेचे वेगळे प्रश्न, तेव्हा आधी स्वतःला विचारा की कायमचं हवं तरी कशाला. हाड जुळवायला बीएमपी-२ हे हाड वाढवणारं प्रथिन काही दिवस पुरतं, आणि जास्त काळ राहिलं तर नको तिथे हाड उगवतं. सांध्यातला भडका शमवायला एक-दोन आठवड्यांचं प्रथिन हे बऱ्याच वेळा हवं तेवढंच असतं. लेंटीव्हायरस (जनुक गुणसूत्रात कायमचं बसवणारा विषाणू) सोडून आपण या वाटेला आलो ते यासाठीच.

जनावरापर्यंत जाण्याआधी

जीएफपी हा सरावाचा गडी आहे. रुग्ण घोड्यात तो जाऊ नये, परकं प्रथिन बघून शरीर त्या पेशीच मारतं. प्लाझ्मिडवरचं प्रतिजैविक-रोधाचं जनुकही शेवटच्या रचनेत नसलेलं बरं, मिनिसर्कल (असे नको ते भाग काढलेली छोटी डीएनए वर्तुळं) त्यासाठीच असतात. जनुक घातल्यानंतर पेशी अजून हाड, कूर्चा आणि चरबीकडे वळतात का ते पुन्हा तपासा. ट्रान्सफेक्शननं पेशी जगल्या तरी स्वभाव बदलतो असं दिसलेलं आहे. टोचण्याआधी पीईआयचा उरलेला अंश जावा म्हणून निदान तीनदा धुवा. सांध्यातल्या द्रवात हायल्युरोनिक आम्ल भरपूर असतं, तेही ऋणभारित. म्हणून नुसती पुरचुंडी थेट सांध्यात टोचून भागेल असं समजू नका. पेशीत आधी प्रयोगशाळेत भरून मग पेशी टोचा.

भारतात जनुकबदल केलेल्या पेशींचं काम १९८९ च्या नियमांखाली येतं, म्हणजे आधी संस्थेची जैवसुरक्षा समिती आणि जनावरासाठी प्राणी-नीती समिती. युरोपीय संघात २०१९ मध्ये घोड्यांसाठी मूलपेशींची दोन औषधं मंजूर झाली, आर्टी-सेल फोर्टे आणि हॉरस्टेम. दोन्हींत जनुक घातलेलं नाही. समितीपुढे जाताना हे माहीत असलेलं बरं, कारण पहिला प्रश्न तोच येतो: नुसत्या पेशींनी भागत असेल तर जनुक कशाला? त्याचं उत्तर म्हणून तुमच्याकडे नुसत्या पेशींचा आणि रिकाम्या प्लाझ्मिडचा असे दोन्ही कंट्रोल गट हवेत. आमच्या पहिल्या अर्जात दुसरा गट नव्हता, अर्ज परत आला.